एन्जॉयला कर्म लागतं

निजामाच्या राज्यात बीडच्या सरकारी मदरशात मी हिशेब शिकवायला लागलो तेव्हा मला राहायला जागा नव्हती. मी मोमिनाबादकडचा, बीडात ओळखीचं कुणी नाही. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, यांनी मला इंग्रजीच्या मास्तरांकडे पाठवलं. त्यांच्या घराला बाहेरच्या अंगाला एक खोली रिकामी होती. मी गेलो, नमस्कार केला आणि रीतीप्रमाणे म्हणालो की आपल्याला भेटून आनंद झाला.

मास्तरांनी मला दारातच उभं ठेवलं. "झाला म्हणजे? तुम्ही केला, का आपोआप झाला?"

मग त्यांनीच समजावून सांगितलं. आपल्या माणसाला ताप येतो, खोकला होतो, तसाच आनंदही होतो. माणूस नुसता पडून असतो आणि आनंद येऊन त्याला गाठतो. इंग्रजाचं तसं नाही. तो म्हणतो, आय एन्जॉय. मी स्वतः करतो. जे काय होईल त्याची जबाबदारी माझी. एवढं सांगून त्यांनी माझी वळकटी स्वतः उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली. जागा मिळाली हे मला त्यावरून कळलं.

मास्तर उंच आणि किडकिडीत होते. वैशाखातसुद्धा शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चेहरा असा, की अदालतीत कुणाच्या तरी बाजूनं साक्ष द्यायला बोलावलंय आणि बाजू कुणाची ते अजून कळलेलं नाही. मी त्या घरात राहिलो तितक्या वर्षांत त्यांना हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. आणि शिकवायचे काय, तर खुशी, मजा, सुख, आनंद. पहिल्या महिन्यात कुत्रा, मांजर, टोपी, टेबल हे शब्द ते भराभर उरकून टाकत. मांजर शेवटपर्यंत मांजरच राहतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. मग उरलेलं सगळं वर्ष प्लीज, प्लेझर, प्लेझंट, जॉय, एन्जॉय, डिलाइट. मी एकदा विचारलं की रडण्याचे, भांडणाचे शब्द कधी शिकवणार? ते म्हणाले, "ते माणूस आपले आपण शिकतो. सुखाचे शिकवावे लागतात."

मदरशात सगळं उर्दूतून चाले. नामाला इस्म म्हणायचं, विशेषणाला सिफत आणि क्रियापदाला फेल. मास्तरांचा वर्ग सुरू झाला की भिंतीपलीकडून माझ्या वर्गात घोष ऐकू येई: प्लीज फेल, एन्जॉय फेल, प्लेझर इस्म, प्लेझंट सिफत, डिलाइट फेल भी, इस्म भी. माझी पोरं त्या तालावर भागाकार चुकवत.

एकदा पालीचा एक शेतकरी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन बसला. पोराला न्यायला आलेला, आणि बराच वेळ तो घोष ऐकत होता. वर्ग सुटल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "गुर्जी, ही प्लीज आन एन्जॉय कुनाची पोरं हायती? रोज फेल कावून हुत्यात?" मी समजावलं, पण त्याचं समाधान झालं नाही. जाताना म्हणाला की ते डिलाइट नावाचं पोरगं फेलही होतं आणि आणखी काहीतरीही होतं, त्याच्या बापाला कुणीतरी कळवायला पाहिजे.

हे शब्द मास्तरांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे होते. प्रत्येकाबद्दल त्यांचं पक्कं मत असे. प्लीज त्यांना आवडे, कारण ते क्रियापद, कष्टाळू, दुसऱ्याला खूश करण्यात जन्म घालवणारं. प्लेझर हे त्याचंच नाम, पण घरी बसलेलं. प्लेझंट आणि प्लीज्ड यांची गल्लत केलेली त्यांना मुळीच खपत नसे. हवा प्लेझंट असते, माणूस प्लीज्ड असतो. हवा कधी प्लीज्ड होत नाही, तिला कशाचं काय पडलंय? डिलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. जो शब्द तेच रूप घेऊन नामातही बसतो आणि क्रियापदातही, त्याच्याशी व्यवहार जपून करावा म्हणत. हॅपीची त्यांना कीव येई. "बिचाऱ्याला क्रियापदच नाही. हॅपी नुसतं असावं लागतं, करता येत नाही."

आणि जॉय. जॉय एकटा काही करत नाही. त्याच्या मानेवर पुढून 'एन' ठेवला, जसं बैलाच्या मानेवर जू ठेवतात तसा, की तो कामाला लागतो. एकदा जुंपला की मग रिकामा चालत नाही. त्याला कर्म लागतं. आय एन्जॉय एवढंच म्हणून थांबणं म्हणजे 'मी मारलं' म्हणून पळून जाण्यासारखं आहे. कुणाला मारलं ते सांगायला नको का? हे वाक्य ते वर्गात इतक्या कळकळीनं विचारत की पहिल्या बाकावरची पोरं घाबरून नाही म्हणत.

ईदेला आमच्या फारसीच्या मौलवीसाहेबांनी सगळ्या मास्तरांना शीरखुर्मा प्यायला बोलावलं होतं. आमच्या मास्तरांनी वाटी हातात घेतली आणि विचारात पडले. शीरखुर्मा एन्जॉयेबल आहे म्हणावं, तर तो अजून कुणी एन्जॉय केलेला नाही. मी एन्जॉय करीन म्हणावं, तर ते भविष्य झालं, त्याचा भरवसा काय? मौलवीसाहेब म्हणाले, "मियाँ, पहले पी लो." मास्तर प्यायले. वाटी पुसून ठेवली. कसा होता ते शेवटपर्यंत कुणालाही कळलं नाही.

हे बाहेर चालून जाई. घरात मात्र चालत नव्हतं.

मास्तरांच्या बायकोला मी वहिनी म्हणे आणि त्या मला भावजी. नेकनूरच्या शेतकऱ्याच्या घरातली बाई, हाडापेरानं मजबूत आणि आवाजानंही. त्या हसल्या की गल्लीच्या टोकाला कळे की मास्तरांच्या घरी कुणीतरी काहीतरी बोललंय. अक्षरओळख नव्हती, पण मास्तर घरीही घोकत, आणि भाकरी थापताना इतकी वर्षं तो घोष कानावर पडला होता की एखाद्या दिवशी मास्तर झोपेत अडखळले तर त्या पुढचा शब्द सांगत, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

वहिनींच्या हातची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी मी वर्षानुवर्षं खाल्ली आणि दर वेळी छान झालंय म्हणालो. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना ते मास्तरांकडून ऐकायचं होतं. ताट पुढं सरकवून त्या विचारत, आवडलं का? मास्तर घास तोंडात तसाच धरून विचार करत. मग म्हणत की 'मला भाकरी आवडली' ह्या वाक्यात भाकरी आवडते आहे, मी काहीच करत नाही, त्यामुळे प्रश्न भाकरीला विचारला पाहिजे. वहिनी म्हणत, आवं पर आवडली का? मास्तर आणखी अर्धी भाकरी मागून घेत. वहिनी ती वाढत. तिथं विषय संपे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघे. मला वाटे हे असंच म्हातारपणापर्यंत चालेल.

मग साहेब आला.

हैदराबादेहून शाळा तपासायला एक गोरा साहेब दौऱ्यावर निघाला होता आणि बीडला एक दिवस थांबणार होता. आमच्या हेडमास्तरांना आठवडाभर झोप नव्हती. भिंतींना चुना दिला, घंटा घासली, मौलवीसाहेबांना नवा रुमाल घ्यायला लावला. साहेबाला खायला काय द्यायचं यावर बरीच खलबतं झाली आणि शेवटी वहिनींना निरोप गेला की धपाटे आणि लोणी करून द्या. वहिनी पहाटेपासून बसल्या. तीळ, लसूण, ओवा, सगळं निवडून निवडून घातलं. एक धपाटा करपला तो मला दिला आणि दोन नीट झाले नाहीत ते म्हशीला दिले. बाकीचे पांढऱ्या फडक्यात बांधून मास्तरांच्या हाती दिले आणि बजावलं की साहेब काय म्हंतो ते नीट ऐकून यायचं.

हेडमास्तरांनी स्वागताचं वाक्य स्वतः बसवलं होतं आणि आम्हा सर्वांच्या वतीनं ते साहेबाला सांगणार होते की वी आर व्हेरी प्लेझंट. मास्तरांनी हे आदल्या मिनिटाला ऐकलं. ते उठले आणि हेडमास्तर आणि साहेब यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आम्ही प्लेझंट आहोत की नाही हे साहेबानं ठरवायचं, आपण फक्त प्लीज्ड असू शकतो, असं त्यांनी हेडमास्तरांना कानात सांगितलं आणि ते वाक्य बदलेपर्यंत जागचे हलले नाहीत. हेडमास्तर घामानं भिजले. साहेबाला वाटलं हा इथला काही रिवाज असेल, तोही उठून उभा राहिला.

नंतर साहेबानं धपाटा खाल्ला. दुसरा मागितला. लोणी बोटानं पुसून खाल्लं आणि म्हणाला, "डिलाइटफुल."

मास्तर पुढं झाले. अदबीनं, इंग्रजीतून, त्यांनी साहेबाला विचारलं की हे विशेषण कोणत्या नामाला लावावं? हेडमास्तरांनी डोळे मिटले. नोकरी गेली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. साहेबानं क्षणभर मास्तरांकडं पाहिलं, मग ताटाकडं बोट केलं आणि तिसरा धपाटा उचलला. निघताना हेडमास्तरांनी हात जोडले तर तो नुसतं "माय प्लेझर" म्हणाला आणि टांग्यात बसला. क्रियापदच नव्हतं त्यात. मास्तर घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होते.

वहिनी ओट्यावर वाट पाहत होत्या. धुतलेलं लुगडं नेसल्या होत्या. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो होतो, त्यामुळं पुढचं सगळं मी ऐकलं. वहिनींनी विचारलं की साहेब काय म्हणाला?

"विशेषण म्हणाला," मास्तर म्हणाले.

"म्हंजे चांगलं का वाईट?"

मास्तरांनी सांगितलं की विशेषण चांगलंही असतं आणि वाईटही. हे डिलाइट ह्या नामापासून आलेलं, आणि डिलाइट मुळात भरवशाचं नाही हे तुला ठाऊकच आहे. वहिनींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, साहेबाला धपाटे आवडले का? मास्तर म्हणाले की त्यानं तीन खाल्ले, पण 'आवडले' असं क्रियापद त्याच्या बोलण्यात आलेलं नाही. वहिनींनी पदर खोचला. मग त्यांनी अगदी सावकाश विचारलं:

"आन तुमाला? इतकी वर्सं खाताय. तुमाला आवडतंय का?"

मास्तर विचारात पडले. मी उंबऱ्यावरून मनातल्या मनात ओरडत होतो की हो म्हणा. मास्तर म्हणाले, "प्रश्नात काळ स्पष्ट नाही."

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या भावाच्या बैलगाडीत बसून वहिनी नेकनूरला निघून गेल्या.

पहिले काही दिवस मास्तर असे वागले की जणू त्या पाणी भरायला गेल्यात. मग त्यांनी स्वयंपाक करायला घेतला. भाकरी त्यांना थापता येत नव्हती, तव्यावर नकाशे होत. म्हैस त्यांना जवळ येऊ देईना. एका सकाळी मी पाहिलं, शेरवानी घालून, हातात चरवी घेऊन ते गोठ्यात उभे होते आणि म्हशीला इंग्रजीत प्लीज म्हणत होते. म्हशीनं चरवीला लाथ मारली. वर्गातला घोष बंद पडला. ते हॅपीवर आले आणि हॅपीवरच थांबून राहिले, पुढं सरकेनात. नेकनूरहून निरोप आला की ज्या घरात माणूस जेवला का नुसता बसला हे कळत नाही, त्या घरी बहीण येणार नाही. शेरवानी त्यांच्या अंगावर आता खुंटीवर टांगल्यासारखी दिसे.

शेवटी एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले की उद्या माझ्याबरोबर नेकनूरला चला, मी बोलणं तयार केलंय. मी विचारलं, काय बोलणार? त्यांनी म्हणून दाखवलं. सगळं इंग्रजीत होतं. मी म्हणालो, मास्तर, वहिनींना इंग्रजी येत नाही, मराठीत बोला.

"इंग्रजीत बोललं की व्याकरण बोलतं," ते म्हणाले. "मराठीत बोललो तर मीच बोललो असं होईल."

मी गेलो त्यांच्याबरोबर. भाड्याची बैलगाडी केली होती. मांजरसुंब्याचा चढ चढताना मास्तर गाडीतून उतरून पायी चालले आणि सगळा चढभर बैलांना ऐकू जाईल अशा आवाजात वाक्यं घोकत होते.

नेकनूरला वहिनींचे भाऊ अंगणात घोंगडीवर बसलेले होते. सगळे वहिनींसारखेच रुंद. त्यांनी दाजी म्हणून आदरानं बसवलं, गूळपाणी दिलं, पण कुणी घरातल्या गोष्टी विचारल्या नाहीत. वहिनी दाराआड होत्या, काकणं वाजली म्हणून कळलं. मास्तर उठले. गळ्याचं बटण लावलं. आणि दाराकडं तोंड करून, वर्गात म्हणत तसं, खणखणीत आवाजात सुरू झाले: आय ॲम प्लीज्ड विथ यू. यू आर प्लीजिंग. युअर कंपनी इज अ प्लेझर. आय एन्जॉय युअर भाकरी.

थोरल्या भावानं विचारलं, "दाजी, ही नोटीस हाय का?"

त्या माणसानं इंग्रजी आजवर फक्त सरकारी कागदावर चिकटलेली पाहिली होती. धाकट्यानं फारकतीचा शब्द काढला. कुणीतरी कोपऱ्यातल्या काठीकडं पाहिलं. मी घाईनं सांगितलं की तसं काही नाही, चांगलंच बोललेत. मग थोरला माझ्याकडं वळला. गुर्जी, तुमी शिकलेले हाव, तुमी सांगा काय म्हनाले ते.

आता मी काय करणार होतो? दुसऱ्याच्या बायकोला, तिच्या भावांच्या देखत, 'तुम्ही मन प्रसन्न करणाऱ्या आहात आणि तुमच्या सहवासात सुख आहे' असं मी माझ्या तोंडानं सांगायचं? काठी अजून कोपऱ्यात होती. मी म्हणालो की बोलणं त्यांचं आहे, अर्थही त्यांनीच सांगावा.

मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी त्यांना विहिरीत ढकललंय. मग ते दाराकडं वळले. एक वाक्य सुरू केलं, सोडलं. दुसरं सुरू केलं, त्याचा कर्ता सापडेना. आणि मग त्यांच्या तोंडून जे आलं ते ना पुस्तकी मराठी होतं ना इंग्रजी, आईबापाच्या घरची बोली होती, जी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

"तुझी भाकरी मला लई आवडती," ते म्हणाले. "तू गेल्यापास्नं म्हैस दूध देत न्हाई. मी बी नीट न्हाई."

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "आदीपास्नं आवडती?"

"रोज."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"शब्द जमवत होतो," मास्तर म्हणाले.

थोरल्या भावानं खाकरून तोंड फिरवलं. धाकटा बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून उठला. मास्तर तसेच उभे, घामाघूम, आणि त्यांना वाटलं असावं की आता काहीतरी शेवट करायला पाहिजे, नाहीतर हे असंच उघडं राहील. ते घाईघाईनं म्हणाले, "यू आर माय प्लीज."

मी दचकलो. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शब्दाची जात चुकलेली मी कधी ऐकली नव्हती. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला, वहिनी लुगडी भरत होत्या.

दुपार कलल्यावर गाडी निघाली. चढ उतरून पालीच्या अलीकडं आलो. मग वहिनींनी मला विचारलं, "भावजी, शेवटी म्हनाले ते बरोबर हुतं का?"

मी म्हणालो, अगदी बरोबर होतं.

"चूक होतं," मास्तर पुढून म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. प्लेझर म्हणायचं होतं, नाम पाहिजे होतं, घाईत क्रियापद निघून गेलं. गाडी वळवा, असं ते गाडीवानाला म्हणाले. भावांच्या देखत चुकीचं बोललो, ते त्यांच्या देखतच दुरुस्त केलं पाहिजे. गाडीवानानं खरोखरच कासरा ओढला आणि बैल थांबले.

वहिनींनी मला विचारलं की दोन्हीत फरक काय? मी सांगितलं की प्लेझर म्हणजे सुख, नुसतं असतं ते. आणि प्लीज म्हणजे दुसऱ्याला खूश करणं, ते उठून करावं लागतं.

वहिनींनी थोडा विचार केला. पदर नीट घेतला.

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच," त्या म्हणाल्या. "करायचा शब्दच बरा हाय." आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हाक बाबा गाडी. म्हैस खोळंबली आसंल."